तबकडीवरील ‘लाहोरचा राजा’

विद्यार्थिमित्रहो, ज्या संगीत नाटकाविषयीं मी येथें चार शब्द लिहिणार आहें, त्याचें नांव आपल्या जिल्ह्यांत फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. तें नाटक फ्रेंच भाषेंतील असून त्याचें नांव ‘लाहोरचा राजा’ असें आहे. ज्यूल मास्ने या संगीतकारानें त्याचें संगीत रचिलें, लुई गाले या लेखकानें संहिता लिहिली, आणि २७ एप्रिल १८७७ रोजीं पॅरिस शहरांतील भव्य ऑपेरागृहांत त्याचा पहिला प्रयोग झाला. तें ऑपेरागृह उघडून तेव्हां अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. नाटकाची कीर्ति लवकरच पसरली. इटलींत व लंडनमध्येंही त्याचे प्रयोग झाले. पुढें मात्र तें हळूहळू रंगभूमीवरून नाहींसें झालें. याच मास्नेचीं ‘मानों’ (१८८४) आणि ‘वेर्थर’ (१८९२) हीं नाटकें युरोपांत आजही होतात. परंतु ज्या नाटकानें त्याला प्रथम मोठें नांव मिळवून दिलें, तें ‘लाहोरचा राजा’ लोकांच्या विस्मरणांत गेलें.

ऑपेरा आणि आपलें संगीत नाटक यांतील एक मुख्य भेद आरंभींच सांगून ठेवतों. आपल्या नाटकांत पात्रें गद्यांत बोलतात आणि भावनेला भर आला म्हणजे पद म्हणतात. या प्रकारच्या ऑपेरांत सर्वच संभाषण गाऊन होतें. राजाज्ञा गाऊन, भांडण गाऊन आणि मरणही गाऊनच. रंगभूमीसमोर वादकांचा मोठा ताफा बसलेला असतो, आणि कित्येकदां पात्रें व त्यांच्या मागील समुदाय एकाच वेळीं निरनिराळ्या सुरांत गात असतात. ज्यांच्या कानांना तंबोऱ्याची आणि एका गळ्याची संवय, त्यांना हा सारा प्रकार प्रथम गलबल्यासारखा वाटतो. चार वेळां ऐकिल्यावर त्या गलबल्यांतून एकेक वाट दिसूं लागते.

आतां हें नाटक आपल्या दारव्ह्यास कसें आलें तें सांगतों. माझे एक काका दारव्ह्यास राहतात. त्यांनीं सारा जन्म कापसाच्या एका जिनिंग कारखान्यांत दिवाणजीचें काम केलें. यवतमाळहून मूर्तिजापुराकडे जाणारी जी अरुंद रुळांची आगगाडी, जिला आपण सर्व ‘शकुंतला’ म्हणत आलों आणि जी आतां बंद पडली आहे, तिच्या शिटीवर त्यांचा दिवस चाले. कापसाचे भाव आणि संगीत नाटकें यांखेरीज तिसरा विषय त्यांच्या बोलण्यांत क्वचितच येई. वडिलांच्या वेळचा किल्लीचा ग्रामोफोन व बालगंधर्वांच्या तबकड्या त्यांच्या घरीं होत्याच. पुढें त्यांनीं विजेवर चालणारें यंत्रही घेतलें. एकदां मुंबईस गेले असतां चोरबाजारांत जुन्या तबकड्यांच्या ढिगांत त्यांना एक पेटी सांपडली. तिच्यावरील पात्रांच्या यादींत इंद्र, सीता आणि ‘सिंदिया’ हीं नांवें त्यांनीं वाचलीं, आणि किंमतीची घासाघीस करून पेटी उचलली. “लाहोर, इंद्र, सीता आणि आपले शिंदे, एवढीं मंडळी फ्रान्सांत काय करीत आहेत तें पाहावें म्हणून आणली,” असें ते सांगत.

पेटींत मोठ्या आकाराच्या तीन तबकड्या होत्या, म्हणजे सहा बाजू. डेक्का कंपनीनें १९७९ सालीं लंडनमध्यें हें नाटक संपूर्ण मुद्रित केलें, त्याची ती प्रत. संचालन रिचर्ड बॉनिंग यांचें. सीतेच्या भूमिकेंत जोन सदरलंड, लाहोरचा राजा आलीम म्हणजे लुइस लिमा, शिंद्यांच्या भूमिकेंत शेरिल मिल्न्स आणि इंद्र म्हणजे निकोलाय ग्याउरोव. सोबत एक पुस्तिका. तींत मूळ फ्रेंच शब्द व शेजारीं इंग्रजी भाषांतर. काकांनीं पहिली बाजू दोनदां लावून पाहिली, शब्द कळेनात, म्हणून पेटी कपाटांत ठेवून दिली. ती तेथें कित्येक वर्षें राहिली.

दोन वर्षांपूर्वीं काकांचे कान अधूं होऊं लागले. वार्धक्यांत बहुधा उंच स्वर आधीं हरवतात. पक्ष्यांचा किलबिलाट, लहान मुलांचें बोलणें, घंटेची किणकिण हीं प्रथम जातात, आणि जाड, खोल आवाज मागें राहतात. तसेंच त्यांचें झालें. वैद्यांनीं सांगितलें कीं, ऐकण्याचें यंत्र लावल्यास बोलणें समजेल, परंतु गाणें पूर्वीसारखें लागेल अशी आशा धरूं नये. आणि जें आज ऐकूं येतें, तेंही पुढें कमी होत जाईल. ही बातमी ऐकून मी दारव्ह्यास गेलों, तेव्हां काका कपाटापुढें बसले होते. मला वाटलें, ते ‘सौभद्रा’च्या तबकड्या काढीत असतील. परंतु त्यांच्या मांडीवर ही फ्रेंच पेटी होती.

मीं विचारलें, “काका, एवढें आपलें सोडून हेंच काहून?”

ते म्हणाले, “अरे, सौभद्र मला पाठ आहे. कान गेले तरी तें आंत वाजत राहील. हें मात्र अजून ऐकिलेंच नाहीं. कान गेले कीं हें कायमचें गेलें. तूं इंग्रजी वाच, मी ऐकतों.”

याप्रमाणें दर रविवारीं एक तबकडी, असे तीन रविवार ठरले.

पहिल्या रविवारीं मीं पुस्तिकेंतून कथा सांगत गेलों. काळ महंमूद गझनीच्या स्वारीचा, म्हणजे अकराव्या शतकाचा. लाहोरच्या इंद्रमंदिरांत सीता ही सेवाव्रत घेतलेली कन्या आहे. प्रधान शिंदे हा तिचा चुलता. तरी तोच तिच्यावर लुब्ध झाला आहे. रोज सायंप्रार्थनेच्या वेळीं एक अनोळखी पुरुष गुप्त द्वारानें तिच्या भेटीस येतो. तो स्वतः राजा आलीम होय. शिंदे हें उघडकीस आणतो. प्रायश्चित्त म्हणून राजानें शत्रूवर चालून जावें, असें मुख्य पुरोहित सांगतो. रणांगणावर शिंदेच राजाचा घात करतो आणि सीतेला बळानें लाहोरास घेऊन जातो.

हें ऐकून आम्ही दोघेही मनमुराद हसलों. राणोजी शिंद्यांचा उदय अठराव्या शतकांतला, पहिल्या बाजीरावांच्या काळचा. आणि या फ्रेंच लेखकानें शिंद्यांना सातशें वर्षें मागें नेऊन लाहोरच्या दरबारांत बसविलें! पण हें नांव फ्रेंच लोकांना अगदींच परकें नव्हतें. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापति द ब्वान्य हा सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरीचा. त्याच्यामागून आलेला पेराँ तर फ्रेंचच. द ब्वान्य हा धन मिळवून आपल्या गांवीं परतला आणि तेथेंच १८३० सालीं वारला. अशा माणसांबरोबर शिंद्यांचें नांवही समुद्रापलीकडे गेलें असल्यास नवल नाहीं.

हसतां हसतां काका एकदम गंभीर झाले व म्हणाले, “आपणही तेंच केलें कीं. देवलांचा झुंझारराव कोण? तो शेक्सपियरचा ऑथेल्लो. आणि फाल्गुनराव?” त्यांचें म्हणणें खरें होतें. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं ‘झुंझारराव’ लिहून ऑथेल्लोस मराठी पोशाख चढविला. त्यांच्या ‘फाल्गुनराव’ या नाटकाचें मूळ एका इंग्रजी प्रहसनांत, आणि त्याचेंही मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनांत आहे. तेंच पुढें १९१६ सालीं ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपानें आलें व अद्याप आपणांस हसवीत आहे. फ्रान्सनें आमचा शिंदे नेला आणि आम्हीं त्यांचा संशयी नवरा आणिला. दिवाणजींच्या हिशोबीं दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

दुसऱ्या रविवारचा अंक इंद्राच्या नंदनवनांतला. मेलेला आलीम स्वर्गीं पोंचला आहे. भोंवतीं नृत्य चाललें आहे. त्या नृत्यसंगीतांत बासरीवर एक ‘हिंदु’ चाल निरनिराळ्या प्रकारांनीं आळविली आहे, आणि एका ठिकाणीं सॅक्सोफोन हें पितळी वाद्य एकटेंच मृदु सुरांत गातें. हल्लीं लग्नाच्या बँडांत आपण ज्या वाद्याचा कडकडाट ऐकतों, तें इतकें हळुवार बोलूं शकतें हें काकांना खरें वाटेना. त्यांनीं ती जागा पुन्हां लावावयास सांगितली. आलीमाला मात्र स्वर्गांत सुख नाहीं. भावांना सोडून स्वर्ग नको म्हणणाऱ्या धर्मराजाप्रमाणें तोही सीतेवांचून मिळणारा स्वर्ग नाकारतो. इंद्र त्याला परत पृथ्वीवर पाठवितो. पण दोन अटी घालतो. राजा म्हणून नव्हे, तर अगदीं सामान्य मनुष्य म्हणून त्यानें जगावें. आणि ज्या क्षणीं सीता मरेल, त्या क्षणीं त्यानेंही मरावें. हें ऐकून काका म्हणाले, “हा मनुष्य फ्रेंच असेल, पण गोष्ट आपलीच आहे.”

मला येथें एका गोष्टीचें नवल वाटलें. पॅरिसच्या लोकांनीं रंगभूमीवर इंद्राची सभा पाहिली ती १८७७ सालीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं इकडे पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पारशी मंडळींचें ‘इंद्रसभा’ हें नाटक पाहिलें व त्यावरून त्यांना मराठी संगीत नाटकाची कल्पना सुचली, असें नाट्येतिहासांत सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यांत झाले, आणि १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें. ‘शाकुंतला’चा दुष्यंतही इंद्राच्या साहाय्यास स्वर्गीं जातो व तेथून परततांना त्याला त्याचें हरवलेलें सर्वस्व मिळतें. दोन दूरच्या शहरांतील हे दोन रचनाकार. एकाला दुसऱ्याची वार्ताही असण्याचा संभव कमी. तरी दोघांनींही स्वर्गाची वाट धरली, आणि दोघांच्याही नायकांना अखेर पृथ्वीच अधिक गोड वाटली.

पुढच्या अंकांत शिंदे राज्याभिषेकाच्या थाटांत येतो आणि सीतेला उद्देशून एक गीत गातो. सबंध नाटक विसरलें गेलें, तेव्हांही हें एक गीत मात्र जिवंत राहिलें. आणि तें जिवंत राहिलें तबकडीमुळें. बॅटिस्टिनी, टिटा रुफो यांसारख्या नामांकित इटालियन गायकांनीं तें इटालियन शब्दांत गाऊन मुद्रित केलें. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. त्यामुळें पांच अंकांचें नाटक काळाच्या ओघांत गेलें, आणि त्यांतील खलपुरुषाचें एक गाणें तेवढें शिल्लक उरलें. आपल्याकडेही रात्रभर चालणारीं नाटकें, त्यांतले ‘वन्समोअर’, एकेका पदाचा तास-अर्धा तास चाललेला विस्तार, हें सारें गेलें. पुढील पिढीस ठाऊक झालीं तीं तीन मिनिटांचीं पदें.

त्या काळच्या यंत्राचा कानही अधूंच होता. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें. त्यापूर्वीं गायकाला एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून जोरानें गावें लागे. आवाजाच्या जोरानें एक पातळ पडदा हाले व त्यास जोडलेली सुई मेणावर रेघ कोरी. मधले स्वर त्यांत बरे उठत. फार उंच व फार खोल स्वर वाटेंतच गळून जात. त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बहुतेक आपल्याच देशांतून जाई. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो. फाल्गुनांत आपल्या जिल्ह्यांतील रानें ज्या पळसानें तांबडीं होतात, त्याच जातीच्या झाडांवरील ही लाख साता समुद्रांपलीकडे जाऊन गाणें घेऊन परत येत असे. आरंभीं आपल्या गवयांच्या तबकड्याही जर्मनींतील हॅनोव्हर शहरांत तयार होऊन येत. कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ सालीं.

या यंत्रानें जसें दिलें, तसें नाकारलेंही. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर यांनीं शकुंतला आणि सुभद्रा यांच्या भूमिकांत महाराष्ट्र वेडा केला होता. ते १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं वारले. फ्रेड गायस्बर्ग हे ध्वनिमुद्रणाचें साहित्य घेऊन कलकत्त्यास आले व गौहरजानसारख्या कलावतींचीं गाणीं त्यांनीं मुद्रित केलीं, तें १९०२ च्या नोव्हेंबरांत. अवघ्या पावणेदोन वर्षांचें अंतर! तेवढ्यासाठीं भाऊरावांचा आवाज आपणांस कायमचा अंतरला. ज्यांनीं तो प्रत्यक्ष ऐकिला तीं माणसें असेपर्यंत तो त्यांच्या स्मरणांत होता. तीं गेल्यावर त्याचें केवळ वर्णन उरलें.

तिसरा रविवार शेवटच्या अंकाचा. सीता शिंद्याच्या हातून निसटून पुन्हां मंदिराच्या आश्रयास आली आहे. भिकाऱ्याच्या स्थितींत परतलेला आलीम तिला तेथें भेटतो. मागून शिंदे येतो. सुटकेची वाट नाहीं, असें पाहून सीता स्वतःच्या हातानें देह ठेवते. इंद्राच्या वचनाप्रमाणें आलीमही त्याच क्षणीं कोसळतो, आणि दोघांना स्वर्गाचें द्वार उघडें दिसतें.

या अंकाच्या आरंभीं सीता एकटी गाते. मी पुस्तिकेंत पाहात होतों. कांहीं वेळानें मान वर केली, तों काका माझ्याकडे पाहात होते.

“आतां सीता गाते आहे ना?” त्यांनीं विचारलें.

“होय, काका.”

“शिंद्याचें सारें लागलें. इंद्राचेंही लागलें. हिचें मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखें वाटतें. कशी गाते, सांग.”

मला संगीताची परिभाषा येत नाहीं. मीं कान देऊन ऐकिलें व जसें सुचलें तसें सांगितलें: “ओरडून गात नाहीं, काका. स्वर चढवीत नेते, आणि वर पोंचल्यावर तो हळूहळू बारीक करीत आणते; पण तुटूं देत नाहीं.”

“समजलें,” काका म्हणाले. “नारायणराव असाच शेवट करीत.” नारायणराव म्हणजे बालगंधर्व. एवढें बोलून त्यांनीं डोळे मिटले आणि तबकडी संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. त्या वेळीं त्यांना बाहेरचें किती ऐकूं येत होतें आणि आंतलें किती, तें मला सांगतां येणार नाहीं. परंतु त्यांच्या मुद्रेवरून त्यांना कांहीं उणें पडलें असें दिसलें नाहीं.

त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनांत पक्का झाला आहे. कोणतेंही गाणें आपणांपर्यंत सबंध म्हणून पोंचत नाहीं. कांहीं रंगभूमीवरच राहतें, कांहीं यंत्र गाळतें, कांहीं भाषा अडवून ठेवते, कांहीं कान हरवतात. हें तुटलेलें जोडणारे दोनच आहेत: एक आपलें पूर्वीचें पाठांतर, आणि दुसरा आपल्या शेजारीं बसलेला मनुष्य. काकांजवळ बालगंधर्वांचा सूर पाठ होता, म्हणून न ऐकूं येणारी सीता त्यांना कळली. आणि मला इंग्रजी वाचतां येत होतें, म्हणून न कळणारी कथा त्यांना समजली. मलाही तें नाटक एकट्यानें ऐकून इतकें कळलें नसतें. शिंद्याच्या नांवाला हसून मी पेटी बंद केली असती.

रंगभूमीनें विसरलेलीं नाटकेंही याच मार्गानें पुन्हां डोळे उघडतात. ‘लाहोरचा राजा’ हें नाटक १९७७ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें बॉनिंग व सदरलंड या दांपत्यानें पुन्हां उभें केलें, म्हणूनच पुढें तें तबकडीवर आलें; आणि २००४ सालीं व्हेनिस येथेंही त्याचे प्रयोग झाले. कित्येक वर्षें झांकलेलें पुस्तक कोणी तरी उघडलें, एवढेंच त्याचें कारण.

विद्यार्थिमित्रहो, हल्लीं गाणें मिळविणें अगदीं सोपें झालें आहे. हात लावतांच हवें तें वाजतें आणि नको तें पुढें सरकतें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. तथापि एखादी गोष्ट न कळली तरी शेवटपर्यंत ऐकावयाची, हा अभ्यास मात्र त्यानें होत नाहीं. तो अभ्यास मुद्दाम करावा लागतो. कांहीं पदें, कांहीं कविता पाठही कराव्या. आज तें ओझें वाटेल, परंतु पुढें कधीं बाहेरचें दार बंद झालें, तर आंतला दिवा तोच असतो.

आणि पालकांस एक नम्र विनंति. आपल्या घरांतील कपाटांत, माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. तबकड्यांची असेल, जुन्या वह्यांची असेल. भंगारवाला दारीं आला म्हणजे ती त्याच्या तराजूंत घालण्याची घाई करूं नये. घरांतील वडील मंडळींपैकीं कोणास तरी शेजारीं बसवावें, मुलांना हांक मारावी, आणि ती एकदां सर्वांनीं मिळून उघडावी. शेवटच्या बाजूपर्यंत ऐकून झालें म्हणजे मग ठेवावयाची कीं द्यावयाची, तें खुशाल ठरवावें.